मीडियाची टर उडवणारी राजकीय पुस्तकं आणि त्यावर तुटून पडणारे वाचक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या चॅनलवाल्यांची आणि रेडिओवाल्यांची खिल्ली उडवणारी पुस्तकं निघाली की पुस्तकापेक्षा त्याच्यावरच्या वाचकांच्या मारामाऱ्याच जास्त रंगतात आणि मग तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतात. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. उत्तरांत माझी मतं भरपूर आहेत, ते धरूनच वाचा.

अशी पुस्तकं म्हणजे नक्की कुठली?

ढोबळ सांगायचं तर ज्यात लेखक एखाद्या चॅनलला, अँकरला नाहीतर रेडिओवरच्या बडबड्याला धरतो, तो एका पक्षाची तळी कशी उचलतो ते दाखवतो, आणि हे सगळं हसवत हसवत. यातलं सगळ्यात गाजलेलं नाव अल फ्रँकन. हा डावीकडचा, म्हणजे डेमोक्रॅट्सच्या बाजूचा, मूळचा 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या टीव्हीवरच्या विनोदी शोचा लेखक. १९९६ मध्ये त्याने उजव्या, म्हणजे रिपब्लिकनांकडच्या, रेडिओवाल्या रश लिंबॉवर पुस्तक काढलं, ज्याच्या नावातच लिंबॉला जाड्या आणि मूर्ख म्हटलं होतं, आणि मग २००३ मध्ये 'लाइज अँड द लाइंग लायर्स हू टेल देम' आलं ज्यात उजवीकडे झुकलेलं फॉक्स न्यूज चॅनल, त्याचा अँकर बिल ओ'रायली, उजवी लेखिका अ‍ॅन कोल्टर सगळ्यांचा समाचार घेतलाय. समोरच्या बाजूने कोल्टरचंच 'स्लँडर' (२००२), आणि सीबीएस या टीव्ही चॅनलमध्ये वर्षानुवर्षं काम केलेल्या बर्नार्ड गोल्डबर्गचं 'बायस' (२००१). गोल्डबर्ग विनोदी कमी आणि वैतागलेला जास्त आहे पण वाचक ही सगळी एकाच फळीवर ठेवतात. नंतर २००७ ला स्टीफन कोल्बेर आला, त्याने तर ओ'रायलीछाप अँकरचं सोंगच घेतलं होतं टीव्हीवर, त्या सोंगाच्या तोंडूनच अख्खं पुस्तक लिहिलं आणि कव्हरवर स्वतःच्याच नावाच्या साहित्य पुरस्काराचा शिक्का मारून मोकळा झाला.

ही पुस्तकं त्याच काळात एवढी का निघाली?

कारण टर उडवायला गिऱ्हाईक त्याच काळात तयार झालं. अमेरिकेत १९४९ पासून फेअरनेस डॉक्ट्रिन नावाचा नियम होता, रेडिओ-टीव्हीचं लायसन्स पाहिजे तर वादाच्या विषयात दुसरी बाजूही दाखवा असा. १९८७ मध्ये एफसीसीने, म्हणजे रेडिओ-टीव्हीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने, तो काढून टाकला. पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, लिंबॉचा शो देशभर सुरू झाला, तीन तास एकच माणूस एकच बाजू, आणि लोकांना ते तुफान आवडलं. मग १९९६ मध्ये जुलैत एमएसएनबीसी (२०२५ पासून नाव एमएस नाऊ) आणि ऑक्टोबरात फॉक्स न्यूज. म्हणजे फ्रँकनचं लिंबॉवरचं पुस्तक आणि फॉक्स न्यूज एकाच वर्षातले. त्यानंतर २००० ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक फ्लोरिडातल्या मतमोजणीत अडकली, ११ सप्टेंबर झालं, इराक युद्ध आलं, आणि २००२ ते २००४ या काळात बेस्टसेलरच्या यादीत डावे-उजवे लेखक आळीपाळीने एकमेकांना खोटारडे म्हणत बसले होते. दोन्हीकडच्या प्रकाशकांची चंगळ झाली, हे वेगळं सांगायला नको.

म्हणजे तो नियम असता तर फॉक्स न्यूज आलंच नसतं?

नाही. हे रिव्ह्यूंमध्ये सारखं दिसतं पण चूक आहे. तो नियम हवेतल्या लहरी वापरणाऱ्या लायसन्सवाल्यांना होता, केबलला नाही. फॉक्स न्यूज केबल चॅनल आहे. रेडिओबद्दल हा मुद्दा बरोबर, केबलबद्दल फुसका.

फॉक्सने फ्रँकनवर केस केली होती ती भानगड काय?

ही सविस्तर सांगायलाच पाहिजे कारण वाचकांच्या प्रतिक्रियांचा अर्धा इतिहास इथूनच सुरू होतो.

पुस्तकाच्या पूर्ण नावात 'अ फेअर अँड बॅलन्स्ड लुक अ‍ॅट द राइट' असं पुढे जोडलेलं आहे. आता 'फेअर अँड बॅलन्स्ड' ही फॉक्सची घोषणा, रीतसर ट्रेडमार्क केलेली. कव्हरवर सुटाबुटातला फ्रँकन उभा, मागे टीव्हीचे स्क्रीन, त्यात राष्ट्राध्यक्ष बुश, उपाध्यक्ष चेनी, ओ'रायली आणि कोल्टर, आणि वर मोठ्या अक्षरात 'लाइज'. ऑगस्ट २००३ मध्ये फॉक्स न्यूयॉर्कच्या कोर्टात गेलं, म्हणे ग्राहकांचा गोंधळ होईल, त्यांना वाटेल हे पुस्तक आमचंच आहे. अर्जात नुसता कायदा नव्हता, फ्रँकन कर्कश आहे, त्याचं डोकं ठिकाणावर नाही, तो आता पूर्वीसारखा हसवतही नाही असंही लिहिलं होतं. फ्रँकनने यावर काय करावं, तर म्हणाला, मी काही महिन्यांपूर्वी 'फनी' हा शब्द ट्रेडमार्क केलाय, तेव्हा मला अनफनी म्हणून फॉक्सनेच माझा हक्क मोडलाय.

२२ ऑगस्टला जज डेनी चिन यांच्यासमोर सुनावणी झाली. कव्हर बघून लोकांना खरंच वाटेल का की हे फॉक्सचं पुस्तक आहे, असल्या प्रश्नांवर कोर्टरूममध्ये हशा पिकला. जजसाहेबांनी सांगून टाकलं की काही केसेस अवघड असतात, काही सोप्या, ही सोपी आहे, आणि वस्तुस्थिती बघा नाहीतर कायदा बघा, दोन्हीकडून यात काही दम नाही. वर हेही की ज्या मीडिया कंपनीने अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यासाठी भांडायचं तीच ते पोखरायला निघालीय हा मोठा विनोद आहे. तीन दिवसांनी फॉक्सने केस मागे घेतली.

तोवर व्हायचं ते झालं होतं. सप्टेंबरात यायचं पुस्तक प्रकाशकाने ऑगस्टमध्येच बाजारात उतरवलं आणि ते अ‍ॅमेझॉनवर पहिल्या नंबरला जाऊन बसलं. ब्लॉगवाल्यांनी तर एक शुक्रवार ठरवला आणि सगळ्यांनी आपापल्या ब्लॉगच्या नावाला 'फेअर अँड बॅलन्स्ड' जोडलं, घ्या आता किती जणांवर केस करता.

ती बदनामीची केस होती ना?

नव्हती, ट्रेडमार्कची होती. बदनामीची केली असती तर आणखी अवघड गेलं असतं, कारण अमेरिकेत १९६४ च्या सलिव्हन निकालापासून सार्वजनिक व्यक्तीला बदनामी सिद्ध करायची तर समोरच्याला खोटं आहे हे माहीत होतं किंवा खरंखोटं बघायची त्याने फिकीरच केली नाही, हे दाखवावं लागतं. आणि विडंबनाला १९८८ च्या हसलर मासिकाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने संरक्षण दिलेलं आहे, ८ विरुद्ध ०. त्यामुळे असल्या पुस्तकांवर 'याला कोर्टात खेचा' लिहिणाऱ्या वाचकांनी जरा दमानं घ्यावं.

मग पुस्तक केसमुळे खपलं की पुस्तकातही दम होता?

दोन्ही. केसने पहिला धक्का दिला हे नाकारण्यात अर्थ नाही. पण नुसत्या केसवर पुस्तक महिनोन्‌महिने यादीत राहत नाही. फ्रँकन त्या वर्षी हार्वर्डमध्ये फेलो होता आणि १४ विद्यार्थ्यांची फौज त्याने पुरावे उकरायला बसवली होती, ती मेहनत पुस्तकात दिसते. उदाहरण द्यायचं तर ओ'रायली म्हणायचा की तो ज्या 'इनसाइड एडिशन'चा अँकर होता त्या टीव्ही शोला पीबडी हा मानाचा पुरस्कार मिळालाय. फ्रँकनने शोधलं तर पीबडी नव्हताच, पोल्क हा पत्रकारितेतला दुसरा पुरस्कार होता, आणि तोही ओ'रायली शो सोडून गेल्यानंतरचा. आता ही गोष्ट तशी बारकी आहे, कोणाचं राज्य बुडालं नाही त्याने, पण फ्रँकन ती इतकी पिळतो, एवढ्याशा गोष्टीचं पान पान करतो की हसूनच पुरेवाट होते. मे २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या पुस्तकमेळ्यात दोघे एकाच स्टेजवर होते, फ्रँकनने हाच किस्सा लावून धरला आणि ओ'रायलीचा पारा चढून तो त्याला गप्प बस म्हणाला, सगळं सी-स्पॅन चॅनलच्या कॅमेऱ्यासमोर. पुस्तक यायच्या आधीच अर्ध्या वाचकांनी बाजू निवडून टाकली होती.

रिव्ह्यू एकतर पाच स्टार नाहीतर एक स्टार, मधले लोक गेले कुठे?

मधले लोक रिव्ह्यू लिहायला बसत नाहीत, एवढं साधं आहे. कुठल्याही पुस्तकाला थोडंफार हे होतंच, ज्याला फार आवडलं नाहीतर फार राग आला तोच टाइप करायचे कष्ट घेतो. पण राजकीय विनोदात आणखी एक गोष्ट असते, स्टार पुस्तकाला दिलेले नसतातच मुळी. पाच स्टार म्हणजे ओ'रायलीला एक चपराक आणि एक स्टार म्हणजे फ्रँकनला. मतदानच ते. नीट वाचा ते रिव्ह्यू, पुस्तकातल्या एकाही प्रकरणाचा उल्लेख नसतो, बुशचा असतो, क्लिंटनचा असतो, आपल्या मेहुण्याचा पण असतो कधीकधी.

२००३ च्या सुमाराला व्हॉल्डिस क्रेब्ज नावाच्या संशोधकाने अ‍ॅमेझॉनच्या 'हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं' या यादीवरून राजकीय पुस्तकांचा नकाशा काढला होता. त्यात दोन गठ्ठे सरळ वेगळे दिसतात, डावीकडची पुस्तकं घेणारे डावीकडचीच घेतात, उजवीकडचे उजवीकडची, आणि दोन्हीकडून घेतली जाणारी पुस्तकं मोजकीच. म्हणजे विरुद्ध बाजूने एक स्टार देणाऱ्याने ते पुस्तक पैसे मोजून घेतलं असण्याची शक्यता आधीच कमी.

न वाचताच रिव्ह्यू लिहितात लोक?

सर्रास. हिलरी क्लिंटनचं निवडणुकीवरचं पुस्तक २०१७ मध्ये आलं तेव्हा पहिल्याच दिवशी एवढे रिव्ह्यू पडले की अ‍ॅमेझॉनला त्यातले शेकड्यांनी काढून टाकावे लागले, पाचशेवर पानं लोकांनी सकाळी घेऊन दुपारपर्यंत संपवली होती म्हणायची. ते काही विनोदी पुस्तक नव्हे, पण गंमत तीच. आणि ही सवय फक्त वाचकांची नाही हं. फेब्रुवारी २००४ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या कॅनडाच्या साइटवर काहीतरी बिघडलं आणि निनावी रिव्ह्यू लिहिणाऱ्यांची खरी नावं दिसायला लागली, तेव्हा कळलं की काही लेखक स्वतःच्याच पुस्तकाची आरती ओवाळत होते.

'आधीच पटलेल्यांना पटवण्यात काय अर्थ' ही टीका बरोबर आहे का?

सगळ्यात जास्त वेळा येणारी टीका हीच आणि मला ती अर्धीच पटते. खरंय, फॉक्स बघणारा माणूस फ्रँकन वाचून डावीकडे झुकलेलं एमएसएनबीसी लावत नाही. पण ही पुस्तकं घेणाऱ्यांच्या प्रतिक्रिया वाचल्या तर त्यांना मन बदलायचं नसतंच, त्यांना दारूगोळा पाहिजे असतो. ऑफिसात, घरात, गाडीत रोज रेडिओवर एकच आवाज ऐकून कावलेला माणूस, त्याला वाटत असतं हे चुकीचं आहे पण नक्की काय चुकीचं ते सांगता येत नाही, आणि मग कोणीतरी तारीख आणि आकड्यासकट ते मांडून देतो आणि वर हसवतो. चला, मी एकटा वेडा नाही, हा सुटकेचा सूर दोन्ही बाजूंच्या वाचकांत सापडतो. 'बायस' वाचून हेच म्हणणारे हजारो लोक होते की आम्हाला कधीपासून वाटत होतं की मोठी चॅनल्स आमच्याकडे नाक मुरडून बघतात, आता आतल्याच माणसाने सांगितलं.

त्रास कुठे होतो, तर दारूगोळा घेणारा तो तपासत नाही. पुढे येतंच त्याबद्दल.

विरुद्ध बाजूच्या माणसाला विनोद कळतच नाही का?

कळतो, पण कधीकधी भलताच कळतो. २००९ मध्ये ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी कोल्बेरच्या शोवर अभ्यास केला होता. डावे-उजवे दोन्ही म्हणाले माणूस विनोदी आहे, त्यात फरक नाही. पण उजवीकडे झुकलेल्यांना जास्त करून वाटत होतं की तो विनोदाचं फक्त नाटक करतोय आणि आतून जे बोलतोय तेच त्याचं खरं मत आहे. म्हणजे ज्याची टिंगल चाललीय त्यालाच वाटतंय हा आपला माणूस! सोंग घेऊन लिहिलेल्या पुस्तकांच्या प्रतिक्रिया वाचताना हे डोक्यात ठेवा, एखादा 'शेवटी कोणीतरी खरं बोललं' लिहितो तेव्हा तो उपरोधाने लिहितोय की मनापासून ते खात्रीने सांगता येत नाही.

आणि याच्या उलटचंही आहे. १९८५ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी १९८२ च्या बैरूत हत्याकांडाच्या त्याच त्या बातम्या इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या, दोघेही म्हणाले बातम्या आमच्या विरोधात आहेत. त्यामुळे 'मीडिया पक्षपाती आहे' हे वाक्य एकट्याने पुरावा होत नाही, कोण म्हणतंय, कशावरून म्हणतंय आणि कोणती बातमी दाखवून म्हणतंय ते बघावं लागतं.

उजव्या बाजूला विनोदी पुस्तकं नाहीत असं म्हणतात, खरं का?

हे म्हणणारे बहुतेक डावीकडचे असतात. पी. जे. ओ'रूर्क १९९१ पासून, खरं तर त्याच्याही आधीपासून, सरकारची अशी काही चामडी सोलायचा की विरोधी बाजूचे लोकही वाचायचे. ग्रेग गटफेल्डची पुस्तकं खपतात आणि तो तर फॉक्सवरच बसलेला. कोल्टरचे चाहते तिला विनोदीच लेखिका मानतात, तिच्या टोमण्यांवर पोट धरून हसतात, आणि समोरच्यांना तीच वाक्यं निव्वळ विषारी वाटतात. फ्रँकनचंही तेच उलट बाजूने. माझं मत विचाराल तर कोल्टर वाक्याला धार लावते आणि फ्रँकन प्रसंग रंगवतो, त्यामुळे फ्रँकन न पटणाऱ्यालाही थोडा तरी वाचवतो. पण हे माझं मत, आणि मी कुठल्या बाजूला झुकतो ते तुम्ही ओळखलंच असेल.

विनोदी पुस्तकात चूक सापडली तर ती चूक धरायची का? शेवटी जोकच आहे ना?

जोक जोक आहे आणि तळटीप तळटीप आहे. लेखकाने पुरावा म्हणून काही दिलं की तो तपासायचा, त्यात सूट नाही.

सगळ्यात नमुनेदार केस 'स्लँडर'ची. पुस्तकाच्या शेवटी शेवटी कोल्टर म्हणते की न्यूयॉर्क टाइम्सला साध्या अमेरिकन माणसाशी काही घेणंदेणं नाही, कार रेसिंगचा एवढा मोठा हिरो डेल अर्नहार्ट गेला तर टाइम्सने ती बातमी पहिल्या पानावर घ्यायला दोन दिवस लावले. वाचायला एकदम जोरदार, अख्ख्या पुस्तकाचा कळस. पण अर्नहार्ट गेला १८ फेब्रुवारी २००१ ला, रविवारी, आणि टाइम्सने दुसऱ्याच दिवशी पहिल्या पानावर बातमी छापली होती. जुना अंक काढून बघायचा, एवढंच काम होतं. विरोधकांनी ते केलं, फ्रँकनने आपल्या पुस्तकात त्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं, आणि नंतरच्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. पण पहिली आवृत्ती ज्यांच्या घरात आहे त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोचली का? जेवणाच्या टेबलावर अजूनही कोणीतरी तो किस्सा सांगत असणार.

फ्रँकनही धुतल्या तांदळासारखा नाही. पुस्तकासाठी त्याने अ‍ॅटर्नी जनरल अ‍ॅशक्रॉफ्ट वगैरे मोठमोठ्या लोकांना हार्वर्डच्या लेटरहेडवर पत्रं पाठवली की ब्रह्मचर्य पाळण्यावर शाळकरी मुलांसाठी पुस्तक करतोय, तुमचा अनुभव सांगा. असलं पुस्तक नव्हतंच. नंतर अ‍ॅशक्रॉफ्टची माफी मागावी लागली. खोटारड्यांवर पुस्तक लिहिताना स्वतःच थाप मारली, हा मुद्दा एक स्टारवाले अजून सोडत नाहीत आणि ते त्यांचं चुकत नाही.

पुस्तकाच्या नावातच शिव्या असतात, हे खालच्या पातळीचं नाही का?

असतं थोडं. प्रकाशकाला नाव ओरडणारं पाहिजे असतं कारण दुकानात टेबलावर पन्नास पुस्तकं पडलेली असतात. पण कितीतरी वाचकांची तक्रार असते की नावाने चिडून आत गेलो आणि आत बऱ्यापैकी मुद्देसूद प्रकरणं निघाली. फ्रँकनचं लिंबॉवरचं पुस्तक असंच आहे. नाव शाळेच्या पटांगणातलं, आत बराचसा भाग बजेट, मेडिकेअर (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा), वॉशिंग्टनच्या जेवणावळी यांचा. उलटंही होतं, नाव एकदम विचारवंताचं आणि आत नुसती आगपाखड.

शरीरावरून केलेल्या जोकांबद्दल मात्र आताचे वाचक जास्त कडक झालेत, १९९६ मध्ये जे खपून गेलं त्यावर आज त्याच बाजूचे लोक नाक मुरडतात.

बेस्टसेलर म्हणजे एवढ्या लोकांनी वाचलं असंच ना?

विकत घेतलं असं. आणि तेही कोणी घेतलं ते बघा. न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत काही पुस्तकांपुढे खंजिरासारखी एक बारीक खूण असते, त्याचा अर्थ दुकानांकडे गठ्ठ्याने ऑर्डरी आल्याचं कळवलंय. संस्था, बुक क्लब, प्रचारवाले गठ्ठ्याने घेतात आणि वाटतात. २००७ मध्ये रेग्नरी या उजव्या पुस्तकांच्या प्रकाशकावर त्याच्याच पाच लेखकांनी केस केली होती, की आमची पुस्तकं स्वतःच्याच बुक क्लबला मातीमोल भावात देऊन आमची रॉयल्टी बुडवता म्हणून. केस टिकली नाही, पण त्यामुळे ही गिरणी कशी चालते ते लोकांना दिसलं.

कोऱ्या पानांचं पुस्तक खरंच बेस्टसेलर झालं होतं?

हो. २०१७ मध्ये उजवीकडच्या मायकल नोल्सने डेमोक्रॅट्सना मत द्यायची कारणं असं पुस्तक काढलं, २६६ पानं, जवळपास सगळी कोरी. अ‍ॅमेझॉनवर पहिल्या नंबरला गेलं, ट्रंपने ट्वीट करून वाचायला छान आहे म्हणून सांगितलं. हे मीडियावर नाही पण प्रतिक्रियांसाठी मी याचं नाव आवर्जून घेतो, कारण इथे रिव्ह्यू हाच पुस्तकाचा मजकूर आहे. आत काहीच नाही म्हटल्यावर लोकांनी गंभीर चेहऱ्याने समीक्षा लिहिल्या, आणि न वाचता रिव्ह्यू लिहिल्याचा आरोप करायची सोयच उरली नाही.

दुकानांनी किंवा लायब्ऱ्यांनी असली पुस्तकं अडवली का कधी?

अडवली. टीव्हीवर बातम्यांचं विडंबन करणाऱ्या 'डेली शो'वाल्यांचं 'अमेरिका (द बुक)' २००४ मध्ये आलं, त्यात सुप्रीम कोर्टाच्या जजांचे चेहरे नागड्या अंगांवर चिकटवलेले होते आणि शेजारी कापून त्यांना घालायला काळे झगे. वॉलमार्टने दुकानात ठेवायला नकार दिला. मिसिसिपीतल्या एका लायब्ररीने बंदी घातली आणि मग आरडाओरडा झाल्यावर उठवली. डावीकडच्या माहितीपटवाल्या मायकल मूरच्या 'स्टुपिड व्हाइट मेन' या पुस्तकाची आणखी मजा, प्रती छापून तयार होत्या आणि ११ सप्टेंबर झालं, मग हार्परकॉलिन्स म्हणालं सूर बदल. लायब्ररीवाल्यांनीच एकमेकांना कळवून प्रकाशकावर दबाव आणला आणि २००२ च्या फेब्रुवारीत पुस्तक आलं, तेही जसंच्या तसं. हार्परकॉलिन्स मर्डॉकच्या कंपनीचं, म्हणजे फॉक्सवाल्याचंच घर.

लेखक स्वतःच राजकारणात उतरला तर जुन्या पुस्तकाचं काय होतं?

जुने जोक विरोधकांच्या हातात पडतात. फ्रँकनने आधी २००४ मध्ये एअर अमेरिका या नव्या रेडिओवर शो सुरू केला, ओ'रायलीच्या शोच्या नावाची चेष्टा करणारं नाव देऊन, म्हणजे पक्षपाती रेडिओला उत्तर म्हणून स्वतःच दुसऱ्या बाजूचा रेडिओ, हा विरोधाभास तेव्हाही वाचकांनी दाखवला होता. ते नेटवर्क २०१० मध्ये बंद पडलं. २००८ मध्ये तो मिनेसोटातून सिनेटला उभा राहिला तेव्हा त्याचे जुने विनोद शोधून शोधून जाहिरातीत वापरले, आणि फेरमोजणीनंतर तो निवडून आला फक्त ३१२ मतांनी. पुढे २०१७ च्या शेवटी गैरवर्तनाचे आरोप झाले आणि जानेवारी २०१८ मध्ये त्याने सिनेट सोडली.

त्यानंतरच्या प्रतिक्रिया वेगळ्याच आहेत. पूर्वीचे पाच स्टारवाले काहीजण परत वाचून म्हणतात आता तसं हसू येत नाही, काहीजण म्हणतात पुस्तकातले मुद्दे होते तिथेच आहेत. मला दुसरे बरोबर वाटतात, पण पहिल्यांना काही उत्तर देता येत नाही, हसू येणं न येणं असं वाद घालून ठरत नाही.

आज ती पुस्तकं वाचण्यात काही अर्थ आहे का? निम्मी नावं ओळखीचीच नाहीत.

नावं शिळी होतात हे खरंच. फॉक्सने 'फेअर अँड बॅलन्स्ड' ही घोषणाच २०१७ मध्ये सोडून दिली, ओ'रायली त्याच वर्षी चॅनलमधून गेला, लिंबॉ २०२१ मध्ये वारला. जोक समजून घ्यायला शेजारी सर्च उघडून बसावं लागत असेल तर तो जोक उरत नाही. तरी ज्या प्रकरणात एखादा दावा धरून, मूळ टेप नाहीतर मूळ अंक काढून, तो कसा वाकवला ते दाखवलंय ती प्रकरणं अजून झकास लागतात, कारण वाकवायच्या पद्धती त्याच आहेत. नुसती टवाळी असलेली पानं खुशाल उलटा.

मग रिव्ह्यू वाचून पुस्तक निवडायचं कसं?

मी पाच आणि एक दोन्ही सोडून देतो आणि तीनवर जातो. तिथे बहुतेक वेळा लेखकाच्याच बाजूचा पण कंटाळलेला वाचक सापडतो, दोनशे पानं छान आहेत पुढे तेच तेच दळलंय, किंवा अमुक प्रकरण सोडून बाकी ठीक, असं काहीतरी कामाचं सांगणारा. दुसरं म्हणजे विरुद्ध बाजूचा जो माणूस पान नंबर देऊन चूक दाखवतो त्याचा एक स्टार सोन्यासारखा. आणि 'मी कट्टर अमुक पक्षाचा, तरी पण...' अशी सुरुवात असेल तर जरा संशयाने वाचा, असले लोक खरेही असतात पण ही सुरुवात कोणालाही टाइप करता येते.

ऑडिओबुकचे रिव्ह्यू वेगळे बघा. फ्रँकनच्या दोन्ही पुस्तकांच्या ऑडिओला ग्रॅमी मिळालेत, तो स्वतः वाचतो आणि कागदावर जे कुचकट वाटतं ते त्याच्या आवाजात मिश्कील वाटतं. छापील पुस्तकाला दोन स्टार देणाऱ्याने ऑडिओला चार दिलेत असं होऊ शकतं.

दुसऱ्या पक्षाच्या नातेवाइकाला असलं पुस्तक भेट देऊ का?

नको. नाव वाचूनच तो बाजूला ठेवेल आणि पुढच्या वेळी त्याच्या बाजूचं एक तुमच्या हातात कोंबेल. फारच खुमखुमी असेल तर एखादं प्रकरण निवडा, ज्यात त्याच्या नाही तर तुमच्याच आवडत्या चॅनलची पिसं काढलीयत, आणि ते त्याला वाचून दाखवा. तो ऐकेल, हसेल, आणि वर दोन किस्से स्वतःहून सांगेल.